जकातवाले काका बॉस्टनमध्ये

बॉस्टनमध्ये गेली अकरा वर्षं मी शनिवार-रविवारी लोकांना फ्रीडम ट्रेलवर, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्यलढ्याच्या जुन्या जागा जोडणाऱ्या पायवाटेवर, फिरवते. उन्हाळ्यात मराठी ग्रुप जास्त असतात. मुलांकडे सहा महिने राहायला आलेले आईवडील, पायांत नवेकोरे स्पोर्ट्‌स शूज, कुणाच्या तरी पिशवीत हमखास खाकरा. त्यांच्यासाठीचं माझं बोलणं पाठ झालंय. कुठे हशा येणार, कुठे "अगं बाई" येणार, सगळं ठाऊक. गेल्या जूनमध्ये एका काकांनी ते पार विस्कटून टाकलं.

ओल्ड साउथ मीटिंग हाउससमोर आम्ही उभे होतो. 16 डिसेंबर 1773 रोजी या लाल विटांच्या सभागृहात आणि बाहेर मिळून पाचेक हजार माणसं जमली होती, आणि त्याच रात्री त्यांच्यातल्या काहींनी बंदरातल्या जहाजांवरचा चहा समुद्रात फेकला. मी नेहमीच्या सुरात सुरू केलं : अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींत इंग्रज सरकारने चहावर जबर कर बसवला, लोक पेटून उठले...

"रेट काय होता?" मागून प्रश्न आला.

"पौंडभर चहाला तीन पेन्स, काका."

"आणि त्याआधी?"

"तेवढाच. 1767 पासून."

"मग वाढला कुठे?"

वाढला नव्हताच. उलट 1773 च्या कायद्याने चहा स्वस्त होणार होता. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा डबघाईला आली होती आणि गोदामांत तिचा जवळजवळ पावणेदोन कोटी पौंड चहा पडून होता. सरकारने इंग्लंडातला कर तिला माफ केला आणि माल थेट अमेरिकेत आपल्या मर्जीतल्या व्यापाऱ्यांकडे उतरवायची मुभा दिली. (हा चहा आसामचा का, असं प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी विचारतंच. नाही, चीनचा. आसामचा चहा यायला अजून साठ-सत्तर वर्षं होती.) काकांनी खिशातून डायरी काढली. समुद्रात टाकलेला माल किती? 342 पेट्या, वजन साधारण 92 हजार पौंड. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड (हा पैशांतला), हे त्यांनी विचारून घेतलं आणि उभ्या उभ्या आकडेमोड केली.

"साडेअकराशे पौंड कर होतो. आणि बुडवलेल्या मालाची किंमत?"

"साडेनऊ हजारांच्या वर."

"साडेअकराशेच्या जकातीसाठी कुणी साडेनऊ हजारांचा माल समुद्रात टाकत नाही, मॅडम. भानगड दुसरीच आहे. मी एकतीस वर्षं जकात नाक्यावर काढलीत."

काकू म्हणाल्या, "झालं यांचं सुरू." पण आता मलाच पुढचं सांगायची घाई झाली होती. कायद्याप्रमाणे जहाज बंदरात लागल्यापासून वीस दिवसांत कर भरायचा, नाहीतर माल जप्त. 'डार्टमाउथ' जहाजाची मुदत 17 डिसेंबरला संपत होती. लोक म्हणत होते, माल न उतरवता परत न्या. कर भरल्याशिवाय कस्टमवाले दाखला देईनात आणि दाखल्याशिवाय गव्हर्नर हचिन्सन बंदराबाहेर जायचा पास देईना.

"बरोबरच आहे," काका म्हणाले. "नियम तोच असतो. गाडी हद्दीत आली की आली."

पुढे ओल्ड स्टेट हाउसपाशी, म्हणजे वसाहतीच्या सरकारच्या जुन्या इमारतीपाशी, मी सहसा बाल्कनी दाखवते, फोटो काढायला लावते आणि पुढे निघते. त्या दिवशी तिथे तासभर गेला. 1761 मध्ये याच इमारतीत जेम्स ओटिस या वकिलाने एका खटल्यात बाजू मांडली होती. कस्टमच्या माणसांकडे एक सरसकट झडतीचा परवाना असायचा. कुठलंही घर, कुठलंही गोदाम, दिवसा कधीही उघडायचं. नाव नको, ठिकाण नको, संशयाचं कारण नको. ओटिसने त्यालाच हरकत घेतली. तो हरला.

काका चष्मा पुसत ऐकत होते. "भरारी पथक," ते म्हणाले.

मग मळीचं आलं. 1733 पासून परक्या बेटांवरून येणाऱ्या उसाच्या मळीवर गॅलनला सहा पेन्स कर होता. या मळीची रम व्हायची. तो कर कुणी धड भरत नसे, कस्टमवाल्यांचे हात ओले केले की भागायचं. मग सात वर्षांचं फ्रेंचांशी युद्ध झालं, 1763 मध्ये संपलं, तोवर ब्रिटनचं कर्ज तेरा कोटी पौंडांपर्यंत पोचलं होतं. 1764 मध्ये पार्लमेंटने मळीचा कर सहावरून तीनवर आणला, पण वसुली कडक केली. खटला आता गावातल्या ज्यूरीसमोर नाही, आरमारी कोर्टात. आणि पकडलेल्या मालाचा एक हिस्सा पकडणाऱ्या अधिकाऱ्याला.

"रेट निम्मा, पथक दुप्पट!" काका जोरात हसले. "लोकांना उलटं चालतं. रेट दुप्पट ठेवा, पण पथक पाठवू नका. आणि अधिकाऱ्याला हिस्सा म्हणजे तर संपलंच."

सांगलीच्या एका मावशींनी मध्येच विचारलं, "पण यांना कर मुळातच नको होता का?" तसं नव्हतं. त्यांच्या प्रांतांच्या सभा होत्या, त्या कर बसवत होत्या आणि लोक भरत होते. 1765 मध्ये स्टॅम्प ॲक्ट आला तेव्हा वर्तमानपत्रापासून पत्त्यांच्या कॅटापर्यंत सगळ्यावर लंडनचा शिक्का लागणार होता, आणि त्या पार्लमेंटमध्ये यांचा एकही माणूस नव्हता. वर्षभरात तो कायदा मागे घ्यावा लागला, पण त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा केला : वसाहतींवर हवा तो कायदा करायचा हक्क आमचाच. मी हे समजावून सांगत होते तोवर मावशीच म्हणाल्या, "म्हणजे हद्दवाढीसारखं. गाव पालिकेत घेतलं, पट्टी सुरू झाली, पण निवडणूक काही नाही." अकरा वर्षांत मला इतकं सोपं सांगता आलेलं नाही. तिथेच वहीत उतरवून घेतलं.

मीही मग शहाणपणा केला. त्याच 1765 मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, म्हणजे वसुलीचा हक्क, आणि पाच वर्षांत तिथे भीषण दुष्काळ पडला. ही बातमी इथे पोचली होती. चहाची जहाजं वाटेत असताना जॉन डिकिन्सन या इथल्याच वकिलाने लिहिलं होतं की बंगालची जी गत झाली ती आपली होईल. सगळे जरा गप्प झाले.

तिथेच बाहेर, जमिनीतल्या गोल दगडी खुणेपाशी मी इंग्रज सैनिकांनी केलेला 5 मार्च 1770 चा गोळीबार सांगितला. पाच माणसं मेली. भांडण सुरू झालं ते कस्टम हाउससमोरच्या पहारेकऱ्याशी.

"म्हणजे नाक्याच्या दारात," काका म्हणाले. मग थोडं थांबून, "नाक्यावरच्या लोकांचं काय झालं हो, पुढे?"

हे मी कधी सांगत नाही. जानेवारी 1774. जॉन माल्कम नावाचा कस्टमचा माणूस, तापट. त्या दिवशी त्याने रस्त्यात एकाच्या डोक्यात काठी घातली होती. रात्री जमावाने त्याला घरातून ओढून काढलं, कडाक्याच्या थंडीत कपडे उतरवले, गरम डांबर ओतलं, वर पिसं चिकटवली आणि कित्येक तास गावभर फिरवलं. डांबर निघताना कातडी निघाली.

काका त्या दगडांकडे बघत राहिले. "आमच्या नाक्याची केबिन ट्रकवाल्यांनी एकदा पेटवली होती. मी आत होतो. आधी काय बाहेर फेकलं असेल? पावतीपुस्तकं. एक नंबर हरवला असता तर चौकशी मागे लागली असती." काकूंना हे ठाऊक नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. त्यांनी नुसती बाटली पुढे केली.

फॅन्युइल हॉल या जुन्या सभागृहाला पोचलो तेव्हा चार वाजले होते. 1774 मध्ये बंदर बंद केलं, गावसभांवर बंधनं घातली, पुढच्या एप्रिलमध्ये लेक्सिंग्टनला गोळ्या झडल्या आणि स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, हे सगळं मी पाच मिनिटांत गुंडाळलं. निरोप घेताना काका परत वळले.

"पोरी, त्या माल्कमला पेन्शन मिळालं का?"

"तो इंग्लंडला निघून गेला, काका. नुकसानभरपाईचा अर्ज केला होता सरकारकडे."

"अर्ज केला होता ना?" काका म्हणाले. "मग फाइल फिरली असणार."