जत्रेतल्या बासरीपासून पांढरी पाचपर्यंत

वैशाख

आमच्या वाडीतल्या महिला भजन मंडळात यंदा बासरी घ्यायची, हे माईंनी माघातच ठरवलं होतं. माई पेटीवर बसतात आणि पांढरी पाचमध्ये गातात. म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, इंग्रजी नावाने जी. दोन वर्षं घरच्या घरी वाजवल्यावर पहिल्यांदाच मला कुणाच्या तरी सुरात सूर मिळवायचा होता. म्हणून जत्रेतल्या एका विक्रेत्याकडून 'जी' असा शिक्का असलेली बासरी घेतली. लांबी साधारण १९ इंच, बोटं सहज पुरली, आवाज गोड. मी खूश.

मंडळात पहिल्याच दिवशी तीन बोटं ठेवून सा धरला आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माई जिथे सा म्हणत होत्या, तिथे माझा मध्यम, म्हणजे म, वाजत होता.

त्या रात्री सूर मोजणारा ट्यूनर लावून बसले. वरची तीन भोकं बंद केली की सी. सहाही बंद केली की जी. म्हणजे शिक्का खोटा नव्हता. बनवणाऱ्याने सर्व भोकं बंद असतानाच्या सुरावरून नाव दिलं होतं, जसं पाश्चात्त्य पद्धतीच्या साध्या बासऱ्यांना देतात. आपल्या हिंदुस्थानी पद्धतीत वरची तीन बंद म्हणजे षड्ज, अर्थात सा, आणि बासरीचं नाव त्या षड्जावरून. सहाही बंद म्हणजे मंद्र पंचम, खालच्या सप्तकातला प. कर्नाटक पद्धतीत तर वरची दोनच बंद करून सा धरतात. तेव्हा एकाच बांबूला तीन वेगळी नावं मिळू शकतात, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे इतकं सविस्तर लिहितेय.

ज्येष्ठ

बासरी परत करायला जत्रा कुठे शोधणार! मग तिलाच वळवून पाहिलं. सहाही बंद म्हणजे सा धरला, की खालून एकेक बोट उचलत रे, ग, म, प, ध आणि सगळी उघडी असताना शुद्ध नी मिळतो. अर्ध्या भोकाची गरजच नाही. एरवी शुद्ध मध्यमासाठी पहिलं भोक अर्धं दाबताना माझी निम्मी तालीम जाते, त्यामुळे हे फार सुखाचं वाटलं. गजर आणि आरत्या निघाल्यासुद्धा.

पण अभंग घेतला आणि अडले. सा हाच सर्वांत खालचा सूर, त्याच्याखाली बासरीच नाही. मंद्र नी आणि मंद्र ध लागणारी जागा आली की मी वरच्या सप्तकात उडी मारायची आणि चाल मोडायची. माई हात थांबवून म्हणाल्या, "सूर बरो हा, पण तुझी बासरी खाली उतरणाच नाय गो." अगदी तेच. आपल्या पद्धतीत सा मध्ये ठेवला आहे तो यासाठी: खाली नी, ध, प असे तीन सूर हाताशी राहतात आणि गळ्यासारखं खाली टेकता येतं.

आषाढ

पाऊस लागला. संध्याकाळी दिवे गेले की ओटीवर बसून पेटीच्या पट्ट्यांची वहीत नोंद केली, कारण दुकानात इंग्रजी अक्षरं आणि मंडळात काळी-पांढरी, यात माझा नेहमी गोंधळ व्हायचा. पांढरी एक सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. एवढं पाठ करा, दुकानात उपयोगी पडतं.

लांबीवरूनही अंदाज येतो. बासऱ्या मधल्या सुराच्या (मीडियम) आणि खालच्या सुराच्या (बेस) मिळतात: सी मीडियम साधारण १८-१९ इंच, जी मीडियम २४-२५ इंच, ई बेस २९-३० इंच. बूच फुंकेच्या भोकापासून किती लांब बसवलंय त्यावर इंच-दीड इंच इकडेतिकडे होतो, म्हणून लांबी हा फक्त पहिला इशारा समजावा. १९ इंचांची बासरी 'जी' म्हणून समोर आली तर तिचा सा पडताळल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि 'सी' म्हटलं तरी मीडियम की बेस हे विचारायचंच, त्यात एका सप्तकाचा फरक.

शेजारच्या काकांनी विचारलं, आपल्या परड्यातल्या माणगा बांबूची का करत नाहीस? माणगा जवळजवळ भरीव असतो. शिडीला, मांडवाला उत्तम, बासरीला नाही. बासरीला पातळ भिंतीचा, लांब पेरांचा बांबू लागतो. उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतला एवढ्या बासऱ्या बनतात, तिथेही तो आसामातून येतो.

श्रावण

कोकण रेल्वेने दादरला गेले. सोबत माईंच्या पेटीच्या पांढरी पाचचं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग. हे मी मुद्दाम सांगते, कारण जुन्या पेट्या ट्यूनरच्या मापात असतीलच असं नाही. ए म्हणजे ४४० हर्ट्झ धरलं तर मधला जी येतो ३९२, माईंची पेटी बोलते ३९४. मला पेटीशी जुळायचं आहे, ट्यूनरशी नाही.

दुकानात वातानुकूलन होतं, साधारण २४ अंश. विक्रेत्याने स्वतः वाजवून दाखवली, सूर चोख आला. मी हातात घेतली तर उतरली. दोष कुणाचाच नव्हता: ओठ भोकावर किती झाकतो आणि फुंक कशी जाते यावर सूर चांगलाच वरखाली होतो. म्हणून आपण घरी फुंकतो तशीच फुंक घालून, आधी पाच मिनिटं बासरी गरम करून मगच ट्यूनर बघावा. माझा तीन बोटांचा सा ३८८ वर स्थिर झाला. दुसरी एक बासरी तिथेच बरोबर ३९२ बोलत होती आणि विक्रेता तीच घ्या म्हणत होता. मी पहिली घेतली. हवा एक अंशाने तापली की बासरी सुमारे तीन सेंट चढते (सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग). आमच्या ओटीवर ३०-३१ अंश म्हणजे वीस सेंटच्या आसपास चढणार. शिवाय पहिलीचा सा, त्याचा तार (वरच्या सप्तकातला) सा आणि सहा बोटांचा पंचम एकमेकांशी नीट बसत होते. दुसरीचा तार सा चढत होता, आणि असा आतला बेसूर घरी आणून दुरुस्त होत नाही.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे ओटीवर ट्यूनर लावून सा बघितला. ३९२. उरलेले दोन हर्ट्झ बासरी किंचित बाहेर फिरवली की मिळतात.

भाद्रपद

२५ इंचांची सवय मात्र सोपी नाही. पहिला आठवडा सहावं भोक नीट झाकलंच जात नव्हतं, मंद्र पंचमाऐवजी नुसती हवा. बोटांची टोकं सोडून मधल्या पेरांनी झाकायला लागल्यावर गळती थांबली. पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी ३२ इंचांची बासरी शास्त्रीय मंचावर आणली, हे वाचलं होतं; २५ इंचांवर अनामिका ताणताना त्या ३२ इंचांचा अर्थ कळला.

चतुर्थीला तिसऱ्या घरी अभंग घेतला. मंद्र नीवरून सावर आले तेव्हा माईंनी पेटीवरून मान न उचलता फक्त "हां" म्हटलं. सहावं भोक अजून दहातल्या दोन वेळा निसटतं. अनंत चतुर्दशीपर्यंत रोज सकाळी वीस मिनिटं फक्त मंद्र पंचम लावायचा, असं ठरवलंय. जत्रेतली बासरी आरत्यांसाठी ठेवली आहे, तिच्यावर मी खडूने 'सा पांढरी एक' असं लिहिलंय.