मारुतीच्या कमरेला पाणी

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर एकच विचारतो, "दुतोंड्या मारुतीला कुठपर्यंत लागलं?" गुडघे, कंबर, छाती. क्युसेकबिक्युसेक पेपरवाल्यांनी छापावं. छातीची बातमी आली की सराफ बाजार, भांडी बाजारातले दुकानदार माल वरच्या फळीवर चढवू लागतात. गंगेवरची (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) खरी मोजपट्टी म्हणजे पात्रात उभी असलेली ही मारुतीची मूर्तीच.

"जो स्वतःच बुडतोय, तो आपल्याला काय बाहेर काढणार गं आत्या?" पूर बघायला होळकर पुलावर गेलो होतो, तेव्हा भाचीनं विचारलं.

भाची पंधरा वर्षांची, दहावीत. दादाची दिंडोरीकडची द्राक्षबाग अवकाळीत सापडली, मण्यांना तडे गेले. थोडाफार माल निघाला, त्याचे पैसे व्यापाऱ्यानं बुडवले. दादा-वहिनींचं बोलणं बंद, 'बाबांना सांग, पानं घेतलीत' हे निरोप पोरीमार्फत. आईनं तिच्या परीनं उपाय सुरू केले. सोमवार, शनिवार, वणीच्या देवीला नवस. मग कुणीतरी त्र्यंबकला कालसर्प शांती सुचवली. पोरगी म्हणाली, "सापाचं राहू द्या, सोसायटीच्या हप्त्याचं बघा."

तिचं वाचन पक्कं. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला. "राम तर आतच होता ना? त्यानं कडी काढली?" पुढे १३ ऑक्टोबर १९३५ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, तेही तिनं ऐकवलं. यावर आईचा प्रश्न, "हे दहावीच्या पेपरात येणार आहे का?"

उपास तिनं सोडले. साबुदाण्याच्या खिचडीवरचा हक्क मात्र शाबूत.

आई म्हणते पोरगी नास्तिक झाली. झाली तर झाली, नाशिकचे देव तेवढ्यानं उपाशी मरत नाहीत. मला वेगळंच वाटतं. त्या घरात मोठ्या आवाजात प्रश्न विचारता येईल असा एकटा देवच उरला होता. दादाला कर्जाचं कुणी विचारायचं नाही, वहिनीला माहेरी जायचा बेत आहे का हे तर नाहीच. देव उत्तर देत नाही ही तिची तक्रार खरी आहे, पण तो निदान उठून दुसऱ्या खोलीत तरी जात नाही.

परवा मी माहेरी जेवायला होते. आईनं शांतीच्या तारखेचा विषय काढला. पोरीनं देवघराकडे बघितलंही नाही. थेट दादाला विचारलं, "बाबा, कर्ज नेमकं किती आहे?"

वहिनी म्हणाली, "जेवू दे त्यांना." किती दिवसांनी ती दादाबद्दल काही बोलली होती!

दादानं घास खाली ठेवला आणि आकडा सांगितला. आम्ही सगळेच तो पहिल्यांदा ऐकत होतो. मग वहिनीनं बँकेचा धरून का, असं विचारलं.