दहा रुपये

रात्रीचे पावणेदोन वाजलेत आणि मी लिहायला बसलोय. हे घोरतायत. गुडघ्याला तेल चोळून झालं, पावडरच्या पाण्यानं बोटांना चिरा पडल्यात त्यावर व्हॅसलीन लावून झालं, तरी डोळ्याला डोळा लागत नाही आणि कारण काय तर दहा रुपये. नोट इथंच ठेवलीय डायरीवर, निम्मी गुलालानं माखलेली.

काल चैत्र पौर्णिमा, जोतिबाच्या यात्रेचा मोठा दिवस. आम्ही परवा रात्रीपासनंच जोतिबाच्या डोंगरावर, अन्नछत्रात. मी नेहमीप्रमाणं ताटांवर. पहिल्या टबात खरकटं, दुसऱ्यात पावडर, तिसऱ्यात साधं पाणी. मी दुसऱ्या टबावर, वहिनी तिसऱ्या. गेली चार वर्षं आमची हीच जोडी आणि हीच जागा, आता आमच्याशिवाय तिथं कोण बसतच नाही. मसालेभात-आमटीच्या पंगतीवर पंगती उठत होत्या, वर गावोगावच्या मानाच्या उंच सासनकाठ्या नाचत होत्या, हलगी, चांगभलं, गुलाल तर टबातल्या पाण्यात सुद्धा. आणि एक म्हातारी आपलं ताट घेऊन सरळ माझ्याकडं आली, बोलण्यावरनं मराठवाड्याकडची वाटली, कपाळ, केस सगळं गुलाबी. ताट ठेवलं, कनवटीची नोट काढली आणि माझ्या ओल्या हातात कोंबून म्हणाली, "घे बाई, चहा पी. लई राबायलीस."

झालं. एवढंच झालं.

म्हणजे एवढंच झालं असतं तर बरं होतं. मी काय बोललो ते लिहायला हात होत नाही. नंतर लिहितो.

बँकेत ३१ वर्षं काढली. शेवटची नऊ वर्षं काचेच्या केबिनमध्ये. मॅडम म्हटल्याशिवाय शिपाई सुद्धा दार ढकलत नव्हता. रिटायर झाल्यावर सहा महिने बरं वाटलं आणि मग ते सगळं झालं, ते इथं नको. त्यानंतर माझं जग म्हणजे किचन ते गॅलरी, गॅलरी ते टीव्ही. शुक्रवारी रात्री पालखीला अंबाबाईच्या देवळात जायचो तर तिथंही खांबाला टेकून नुसतं मागायचो, हे दे, ते परत दे. देवीसमोर उभं राहून सुद्धा माझं आपलं मीच चाललेलं. अन्नछत्रातल्या आण्णांनी एकदा तोंडावर सांगितलं, मॅडम घरात बसून रडताय त्यापेक्षा तिथं बसून ताटं घासा, रडायला मोकळी जागा पण आहे. राग आला होता. गेलो तरी.

आणि खरं सांगायचं तर तिथं मी सुटलो. कसं ते सांगता येत नाही. पहिल्या वर्षी दुपारी कधीतरी लक्षात आलं की तीन तास झाले आणि आपण आपला विचारच केलेला नाही. गुडघा नाही, लेकाचा न येणारा फोन नाही, काही नाही. नुसतं ताट, ताट, ताट. आता माझ्या मोबाईलमध्ये बघा, 'कागल कांदे', 'टेम्पो गडहिंग्लज', 'शिरोळ भाकरी मावशी', 'खोबरं दादा'. शिरोळच्या मावशीच्या नातवाचं बारसं जेवून आलो. कागलवाल्यांच्या आईला दवाखान्यात डबा दिला आठ दिवस. ३१ वर्षं बँकेत हजारो लोकांच्या सह्या बघितल्या पण एकाच्या घरचा चहा प्यायलो नव्हतो. देवाचं काम करायला म्हणून गेलो आणि माझंच घर एवढं मोठं झालं, असं मी लेकीला फोनवर फार ऐटीत सांगतो. (ती पुण्याला गेल्यापासनं आले-गेले म्हणायला लागलीय, आणि माझ्या आलो-गेलोला हसते. हसू दे.)

मला वाटायचं तो मी गेला. निदान डोंगरावर असताना तरी. कुठला जातोय, दहा रुपये हातात पडल्याबरोबर आला की पळत, गळ्यात बँकेचं आयडी कार्ड घालून!

आता लिहितोच. मी म्हटलं, "अहो आजी, मी कामाची बाई नाही."

वर मोठ्यानं म्हटलं, हलगीच्या आवाजात ऐकू जावं म्हणून. आणि शेजारी वहिनी. वहिनी चार घरची धुणीभांडी करते. यात्रेला दोन दिवस खाडे करून येते, त्याचे पैसे कापले जातात, ते तिनं मला कधी सांगितलेलं पण नाही, आण्णांकडनं कळलं. तिचा हात तिसऱ्या टबात तसाच थांबला. मग परत चालू झाला. ती काय बोलली नाही. मी तिच्याकडं बघितलं नाही.

म्हातारी मात्र हसली. म्हणाली, "मग कुणाची हाईस?" आणि गेली गर्दीत.

कालपासनं हेच चाललंय डोक्यात. आधी वाटत होतं आपला अपमान झाला. कपडे बघायचे ना जरा, चष्मा बघायचा. मग वाटलं म्हातारीनं काय वाईट केलं, तिच्याकडं किती नोटा असतील अशा? मग रात्री एसटीत वहिनी खिडकीकडं तोंड करून बसली तेव्हा खरी जागा कळली कुठं दुखतंय ती. झोपलेली असेल पण. दोन दिवस जागीच होती. नसेल झोपलेली.

खेट्यांची गोष्ट आजीकडनं शंभरदा ऐकलीय. दख्खनची मोहीम संपवून जोतिबा केदारकडं परत निघाला तर आपली अंबाबाई इथनं अनवाणी डोंगर चढून गेली, थांब म्हणून सांगायला. म्हणून तर माघातले रविवार लोक कोल्हापुरातनं चालत निघतात, पंचगंगा ओलांडून कुशिरे, गायमुख करत. मी पण घातलेत दोनदा, गुडघा धड होता तेव्हा. सगळ्या करवीराची मालकीण ती. वाटेत कुणी विचारलं असेल की बाई कुणाच्या घरची गं तू, तर काय सांगितलं असेल? मी कामाची बाई नाही, असं तर नसेल ना.

आणि ते सासनकाठीवाले. एकजण सगळा भार कमरेच्या पट्ट्यावर घेतो, बाकीचे दोऱ्या ताणून धरतात. बघणारा म्हणतो पाडळीची काठी आली, अमक्या गावची काठी आली. खालच्या माणसाचं नाव कोण विचारत नाही आणि त्याला तेव्हा कोण पैसे द्यायला गेला तर तो बहुतेक घेईल पण आणि पानपट्टीवर खर्च करेल. माझं मात्र दहा रुपयांवर रात्र जागून चिंतन.

हे मध्येच उठले, म्हणाले काय लिवालाईस एवढं, झोप की. म्हटलं हिशोब. म्हणाले बँक सुटली तरी तुझा हिशोब सुटंना. आणि लगेच घोरायला लागले परत. लय सुखी माणूस.

*

सकाळी. दूध तापत ठेवून वहिनीला फोन लावला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं चक्क. वहिनी, काल माझं चुकलं, मला तसं म्हणायचं नव्हतं, वगैरे. तिकडनं कुकरच्या शिट्ट्या, ती दुसऱ्या घरी पोचलेली. माझं "वहिनी, काल..." एवढंच झालं आणि ती म्हणाली, "ते दहा रुपयं मोडलं न्हाईसा न्हवं? त्यातलं पाच माझं हाईत. म्या काय टबात हात धुवालते व्हय?"

आणि फोन ठेवला, बाई बघालीय म्हणून.

दूध उतू गेलं. सगळ्या घरात पर्स, डबे, ह्यांचे खिसे उलथे केले. पाच रुपयांचं नाणं एक सापडत नाही.