कपाटाला कुलूप का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

पालक विचारतात, नवीन रुजू झालेले शिक्षक विचारतात, परवा ग्रुपवर एका मित्रानंही विचारलं, "सर, पुस्तकांच्या कपाटाला कुलूप नाही, इश्यू रजिस्टर नाही, हरवली तर जबाबदार कोण?" मी जबाबदार. आता एकदाच सगळं लिहितो, दरवेळी "बघू" म्हणून वेळ मारून न्यायचा कंटाळा आलाय.

कुलूप मीही लावलंय, चांगलं आठ वर्षं. चार्ज देताना डेडस्टॉकमधलं, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीतलं, एकेक पुस्तक मोजून द्यावं लागतं, कमी भरलं की पदरचे पैसे. मग कपाट उघडायचं ते १५ ऑक्टोबरला. २०१५ पासून कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन असतो, तेव्हा मुलं ओळीत बसवायची, हातात पुस्तकं द्यायची, फोटो काढायचा, पुस्तकं परत आत. यात तेव्हा मला काही चुकीचं वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू. मी स्वतः तरी वर्षात काय वाचत होतो, गाईड आणि परिपत्रकं.

अशाच एका फोटोनंतर चौथीतल्या एका पोरानं कासवाचं पुस्तक घरी मागितलं. पातळसं, किंमत ३० रुपये. त्या दिवशी का कोण जाणे, दिलं. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडं जातं. घरी म्हातारं माणूस नाही म्हणून आईबापानं त्यालाही बरोबर नेलं. जानेवारीत चार्ज द्यायची वेळ आली, एक पुस्तक कमी. मी त्याच्या वडिलांना फोन लावला. रागावलो नव्हतो, फक्त म्हणालो, "तुमच्या पोराकडं शाळेचं पुस्तक राहिलंय, सरकारी आहे, जपून ठेवा." त्यांनी बहुतेक 'सरकारी' एवढंच ऐकलं. फोन चालूच होता. "चोऱ्या करायला शिकलास का?" आणि मग मारल्याचा आवाज. पोरगं ओरडत होतं, "सरांनी दिलंय, सरांनीच दिलंय." मी इकडून "अहो मीच दिलंय, ऐका माझं" म्हणत राहिलो, पण फोन कुठंतरी खाली पडला असावा, मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. परत लावला तर बंद.

एप्रिलमध्ये ते लोक गावी आले. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला, पुस्तक खताच्या गोणीतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून वरून सुतळीनं बांधलेलं. कोपीत, म्हणजे ऊसतोडीवरच्या झोपडीत राहून, उसाच्या पाचटावर झोपून त्यानं ते पाच-सहा महिने सांभाळलं, एका पानाचा कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता. टेबलावर ठेवून म्हणाला, "पानं मोजून घ्या सर." माझ्याच्यानं हात लावला गेला नाही. वर्ष संपेपर्यंत तो त्या कपाटाकडं फिरकला नाही, मी स्वतः पुस्तक पुढं केलं तरी "नको सर."

तुम्ही म्हणाल, कुलूप नको पण रजिस्टर तरी ठेवा, व्यवस्था नको का? बरोबर आहे, आठ वर्षं मीही हेच म्हणत होतो आणि तेव्हाचा मी काही अगदीच मूर्ख नव्हतो. पुस्तकं खरंच जातात. गेल्या वर्षी ११ गेली, दोन परत आली. पालक म्हणतात, "अवांतर वाचन परीक्षेला येतं का?" हा 'अवांतर' शब्द आपणच त्यांच्या तोंडात दिलाय, आपणच म्हणतो हे मुद्द्याबाहेरचं आणि मग विचारतो पोरं वाचत का नाहीत. त्यांच्यावर मला चिडता येत नाही. स्टाफरूममधल्यांवर येतं, आणि चिडलो की तो फोन आठवतो.

यंदा दिवाळीनंतर चार पोरं पुस्तकं घेऊन कारखान्यावर गेलीत. त्यांची नावं मी डायरीत लिहून ठेवलीत. का लिहिलीत ते मलाही नीट सांगता येणार नाही. फोन मात्र कुणाला करणार नाही.