एल्कसाठी लिव्हर रायफल घेताना

आजोबांची ठासणीची बंदूक कुडाळच्या घरी पडवीत खुंटीला टांगलेली असायची. शेतीसंरक्षणाचा परवाना आणि काम एकच, भातात शिरलेली रानडुकरं. आम्हा पोरांना तिला हात लावायची सोय नव्हती. त्यामुळे बेचाळिसाव्या वर्षी अमेरिकेत कोलोराडोत एल्कच्या (सांबरासारखं मोठं हरीण) शिकारीला जायचं ठरवलं, तेव्हा या बाबतीत मी कोराच होतो. हंटर एज्युकेशनचा कोर्स केला (१९४९ पासून पुढे जन्मलेल्या सगळ्यांना तो सक्तीचा आहे), ड्रॉमध्ये मादीचं लायसन्स लागलं आणि रायफल तेवढी राहिली.

बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दांडा मागेपुढे करून भरायची रायफल, घे आणि मोकळा हो, असं जो तो सांगत होता. त्यांचं बरोबरच होतं. पण मला लिव्हरच हवी होती. बोटं चापाभोवतीच्या कडीत, एकदा खाली, एकदा वर. रिकामं काडतूस बाहेर, भरलेलं आत. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते दुकानात गेल्यावर नीट कळतं.

आधी जीव जडला विंचेस्टर ९४ वर. थर्टी-थर्टी काडतुसाची, सडपातळ, हातात घेतली की खाली ठेववत नाही. कोलोराडोच्या नियमातही बसते: किमान .२४ कॅलिबर, ८५ ग्रेन वजनाची गोळी, १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा. पण तिची १७० ग्रेनची गोळी नळीतून १८०० च्या वर ऊर्जा घेऊन निघते आणि २०० यार्डांवर हजाराच्या खाली येते. एल्कची मादी म्हणजे सव्वादोनशे किलोचं जनावर. इथले बरेच जुने शिकारी १५०० धरून चालतात. त्या हिशेबाने ही शंभर यार्डांच्या आतलीच.

शिवाय नळकांडी मॅगझीनची भानगड. काडतुसं एकामागे एक, मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. गोळी टोकदार असली तर धक्क्याने पुढच्याचा प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) फुटू शकतो, म्हणून गोळ्या चपट्या नाकाच्या. चपटं नाक हवेत अडतं, वेग लवकर गळतो. हॉर्नडीच्या मऊ टोकाच्या गोळ्यांनी यातून वाट काढलीय, पण फरक पुरता जात नाही.

मग गाडी दुसऱ्या टोकाला गेली. मार्लिन, फॉर्टी-फाइव्ह-सेव्हन्टी. १८७३ चं लष्करी काडतूस, अंगठ्याएवढं जाड. शेजारचे म्हातारबुवा म्हणाले, "विकत घेण्याआधी माझी चालवून बघ." रेंजवर तीन गोळ्या मारल्या, खांदा बधिर झाला, पण मर्दानगीपायी बोललो नाही. चौथ्या वेळी त्यांनी मला न सांगता नकली काडतूस भरलं होतं. मी चाप ओढला. बार झालाच नाही, आणि रायफलीचं तोंड मात्र वीतभर खाली गेलं! धक्क्याच्या धास्तीने डोळे मिटलेले, खांदा पुढे रेटलेला. म्हातारबुवा हसले नाहीत, तेच जास्त लागलं.

"एल्कला तुझ्या काडतुसाचा आकार कळत नाही," एवढंच म्हणाले. "गोळी कुठे लागली ते कळतं."

त्या रात्री यादीतून दोन्ही नावं कटाप. उरली ब्राउनिंगची बीएलआर, थ्री-ओ-एट काडतुसाची. लिव्हर आहे, पण मॅगझीन पेटीचं, खालून निघणारं. म्हणजे टोकदार गोळी बिनधास्त. लिव्हर खाली ओढली की चापही तिच्याबरोबर खाली येतो, त्यामुळे बोट चिमटत नाही. हे दुकानदाराने दाखवलं आणि मी तिथेच विरघळलो. वापरलेली मिळाली. फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली, घरी आणली. जुन्या लिव्हरवाले हिला नाकं मुरडतात. मुरडोत.

उन्हाळाभर दर शनिवारी १६५ ग्रेनच्या वीस गोळ्या, बसून आणि गुडघ्यावर, मध्ये मध्ये नकली काडतूस मिसळून. माझी हद्द ठरली २०० यार्ड. रायफलीची कितीतरी पुढे आहे, पण नेम माझा.

नोव्हेंबरात व्हाइट रिव्हरच्या जंगलात, ॲस्पेनच्या कडेला, मादी १३० यार्डांवर आडवी उभी राहिली. बार झाल्यावर हाताने आपसूक लिव्हर फिरवली. दुसऱ्या गोळीची गरज पडली नाही. ती चाळीसेक पावलं जाऊन बसली. मांस गाडीपर्यंत न्यायला चार खेपा लागल्या. रिकामं काडतूस बर्फात भोक पाडून खाली गेलं होतं. ते शोधायला म्हातारबुवा माझ्याआधी गुडघ्यावर बसले.