लुटुपुटूचं गोल्फ

जेवल्यावर आडवं पडून मोबाइल बघू नये, असं घरात सगळ्यांना मीच सांगत असतो. डिसेंबरातल्या एका दुपारी त्याच मोबाइलवर रॉरी मॅकिलरॉय आणि स्कॉटी शेफलर हे गोल्फपटू दिसले. फ्लोरिडातलं ज्युपिटर, रात्रीची वेळ, दिव्यांचा लखलखाट, दोघांच्या चार-चार जणांच्या टीम आणि शेजारी पळणारं घड्याळ. गोल्फमध्ये घड्याळ! फटका 40 सेकंदांत मारावा, अशी नियमांच्या पुस्तकाची विनवणी असते. तरी ही मंडळी चिमूटभर गवत उपटून वाऱ्यावर सोडतात, कॅडीशी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाशी, खल करतात, पुन्हा उकिडवं बसून उतार बघतात. इथे मात्र मारा आणि पळा.

मला गोल्फ येत नाही. मी नाशिकचा. आमच्याकडे गोल्फ क्लब म्हणजे एक मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, पहाटे लोक चालायला येतात, गोल्फ तेवढं कोणी खेळत नाही. पण वर्षभराच्या खऱ्या स्पर्धांपेक्षा सीझन उरकल्यावरचे हे कसबाचे खेळ मला जास्त आवडतात. खऱ्या स्पर्धेत चार दिवस, 72 होल, आणि रविवारी पुढे असलेल्या माणसाचा चेहरा बघवत नाही. चार फुटांवरचा चेंडू ढकलायचा असतो फक्त. तेवढंही त्याच्याकडून होत नाही.

ज्युपिटरच्या कार्यक्रमात एक खेळ 14 काठ्यांचा होता. पिशवीत 14 पेक्षा जास्त काठ्या नकोत, हा नियम अमेरिकेत 1938 साली आला. इथे गंमत अशी की एकदा वापरलेली काठी बाद. मग शेवटी शेवटी नको तीच काठी हातात उरते आणि माणसाची खरी करामत दिसते.

अशा वेळी सेव्हे बायेस्तेरोस आठवणारच. उत्तर स्पेनमधल्या पेद्रेन्या गावचा पोरगा. लहानपणी समुद्रकाठच्या वाळूत तो 3 आयर्न ही एकच काठी घेऊन खेळायचा. तिचं पातं जवळजवळ उभं असतं. लांब, सरपटता फटका मारायला ठीक, पण वाळूतून चेंडू उचलायचा तर पातं चांगलं कललेलं लागतं. सेव्हे गुडघे वाकवून खाली बसायचा, पातं पार आडवं करायचा, आणि चेंडू अलगद वर येऊन ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, टेकायचा. पुढे पाच मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकल्यावरही ही खोडी त्याने हौसेने करून दाखवली.

या प्रकारांत फार पैसा ओतू नये, असं माझं आपलं ठाम मत. 2018 च्या नोव्हेंबरात लास वेगासला टायगर वुड्स आणि फिल मिकलसन 90 लाख डॉलरसाठी खेळले. सगळी रक्कम जिंकेल त्याची. बरोबरी सुटेना, अंधार पडला, 93 यार्डांचा एक होल आयत्या वेळी तयार करावा लागला आणि बाविसाव्या होलला मिकलसन एकदाचा जिंकला. ना धड भांडण, ना धड खेळ.

आमचा ऑफ-सीझन म्हणजे पावसाळा. मैदानावर चिखल झाला की आम्ही जिन्याखाली जमायचो. बादली ठेवायची, टेनिसचा चेंडू तिसऱ्या पायरीवर आपटून भिंतीला लावायचा आणि तिथून बादलीत. ओल्या चेंडूचे गोल डाग चुन्याच्या भिंतीवर उमटायचे आणि तळमजल्यावरच्या काकू आमचा उद्धार करायच्या. यात बंड्याला तोड नव्हती. डाव्या हाताने, पाठमोरा, एकदा तर वडापाव खाता खाता. मॅचमध्ये हाच बंड्या पहिल्या-दुसऱ्या बॉलला परत यायचा. आम्ही त्याला भित्रा म्हणायचो.

जिन्याखाली मोठं माणूस कोणी येत नसे. मॅचला मात्र त्याचे वडील न चुकता यायचे आणि अंपायरच्या शेजारी उभे राहून त्याला कोपर वर ठेवायला सांगायचे.