तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन नाही म्हणत असताना मोहरा का द्यायचा?

बुद्धिबळ स्पर्धेच्या सभागृहाबाहेर थांबलेले पालक, माझ्याकडे शिकायला येणारी मुले आणि डाव संपताच फोनवरचे इंजिन, म्हणजे खेळ्या तपासणारा संगणकीय कार्यक्रम, माझ्यासमोर धरणारे मित्र मला एकच प्रश्न विचारत आले आहेत: “हे बलिदान, म्हणजे मुद्दाम मोहरा देणं, चुकीचं आहे असं इंजिन सांगतंय, मग तुम्ही ते करता कशाला आणि मुलांना शिकवता कशाला?” आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देऊन सुटका करून घेतली. त्या प्रश्नात असे गृहीत धरलेले असते की मी हिशेब न करता मोहरे फेकते, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

आधी जे वादाचे नाही ते बाजूला ठेवते. 1889 साली ॲम्स्टरडॅमला पुढे जगज्जेते झालेल्या इमानुएल लास्कर यांनी बावर यांच्याविरुद्ध दोन्ही उंट एच७ आणि जी७ या घरांवर (अक्षर पटाचा उभा स्तंभ सांगते, अंक आडवी ओळ) दिले, उघड्या पडलेल्या राजावर वजीर आणि हत्ती आणले, आणि मात टाळण्यासाठी बावर यांना हत्तीच्या बदल्यात वजीर सोडावा लागला. त्या डावाबद्दल मला कोणी जाब विचारत नाही, कारण तिथे दिलेले सगळे परत मिळत होते. बलिदानांवर पुस्तक लिहिणारे खेळाडू रुडॉल्फ श्पीलमन अशा हिशेबी बलिदानांना खरे बलिदान मानतच नसत. परतफेड आधी मोजता येत नाही तेच त्यांच्या लेखी खरे, आणि तुमचा प्रश्नही त्याच दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

माझा हिशेब असा असतो. किल्लेकोट केलेल्या, म्हणजे हत्तीसोबतच्या खास खेळीने कोपऱ्याकडे सुरक्षित नेलेल्या, राजासमोरची प्यादी फुटली की पटावर एकूण किती मोहरे आहेत याला फारसे महत्त्व उरत नाही. त्या कोपऱ्यात पुढच्या तीनचार खेळ्यांत कोण पोहोचू शकते, एवढेच पाहायचे असते. वजिराच्या बाजूला अडकलेला हत्ती कागदावर मोलाचा असला तरी त्या तीनचार खेळ्यांपुरता तो पटावर नाही. शिवाय दोघांच्या चुकांची किंमत सारखी नसते. हल्ला करणाऱ्याने एखादी दुय्यम खेळी केली तर बऱ्याचदा त्याला सततच्या शहाने (न थांबता शह देत राहून) बरोबरी साधता येते, बचाव करणाऱ्याने केली तर त्याला मात होते. इंजिन जेव्हा ‘काळा जिंकतो’ असे म्हणते तेव्हा काळा प्रत्येक वेळी एकमेव योग्य खेळी शोधणार हे त्याने धरलेले असते. ती शोधणे माणसाला किती अवघड आहे, हे त्या आकड्यात कुठेच नसते.

1960 च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत, मॉस्कोत, सहाव्या डावात तेवीस वर्षांच्या मिखाईल ताल यांनी तेव्हाचे जगज्जेते बोटविनिक यांच्या राजासमोर एफ४ वर घोडा दिला. प्रेक्षकांत इतका गलबला झाला की डाव आतल्या खोलीत हलवावा लागला. पांढऱ्याकडे, म्हणजे बोटविनिक यांच्याकडे, अधिक चांगला बचाव होता, हे नंतरच्या विश्लेषणात दिसले. पटावर मात्र तो सापडला नाही, डाव ताल यांनी जिंकला आणि लढतही 12.5–8.5 अशी जिंकली. पुढच्याच वर्षी परतीच्या लढतीत बोटविनिक यांनी 13–8 असा विजय मिळवला, हेही सांगायला हवे, कारण ते सोडून दिले तर मी तुम्हाला अर्धेच सांगितल्यासारखे होईल.

आता जो डाव मी कुणाला दाखवत नाही, त्याबद्दल.

सांगलीला आपण बुद्धिबळाची पंढरी म्हणतो. तिथल्या एका खुल्या स्पर्धेत माझ्यासमोर एक निवृत्त गृहस्थ होते, अतिशय सभ्य आणि प्रत्येक खेळी सुवाच्य अक्षरात लिहिणारे. डावाची सुरुवात ‘फ्रेंच बचाव’ नावाची होती आणि मी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होते. माझे प्यादे ई५ वर, पांढऱ्या घरांचा उंट डी३ वर. त्यांचा घोडा एफ६ सोडून डी७ वर गेलेला होता, काळ्या घरांचा उंट पटावर नव्हता, आणि माझा उंट बदलून घेण्यासाठी त्यांनी नुकताच आपला उंट ए६ वर आणला होता. मी एच७ वर उंट दिला. त्यांनी राजाने तो मारला, मी घोड्याने जी५ वरून शह दिला, आणि राजा जी८ वर परतला तेव्हा वजीर एच५ वर नेला. ही वाट चारशे वर्षे जुनी आहे, सतराव्या शतकातले इटालियन खेळाडू ग्रेको यांच्या टिपणांपासून चालत आलेली. पण त्या दिवशी तिला एक उत्तर होते. ए६ चा उंट डी३ वर आला असता तर एच७ त्याच्या पल्ल्यात आले असते, आणि माझे सी२ चे प्यादे आधीच सी३ वर गेलेले असल्यामुळे डी३ वर त्याला मारणारे कोणी नव्हते. वजिराची वाट तिथेच बंद झाली असती आणि मी एका प्याद्याच्या बदल्यात उंट घालवून बसले असते.

हे मला उंट देण्याआधीच दिसले होते.

त्यांनी खूप वेळ घेतला. शेवटी राजाला पळायला जागा व्हावी म्हणून हत्ती ई८ वर नेला. त्यानंतर सगळे पाठ असल्यासारखे घडले: वजिराने एफ७ वर शह, मग एच५, एच७ आणि एच८ वरून शह, राजा ई७ वर, आणि जी७ वर मात. त्यांनी हात मिळवला, पण ते उठले नाहीत. मोहरे मागे मांडले, थोडा वेळ पाहिले आणि उंट उचलून स्वतःच डी३ वर ठेवला.

“हे तुम्हाला दिसलं होतं?”

“हो.”

“म्हणजे हा डाव तुम्ही पटावर खेळला नाहीत, माझ्यावर खेळलात.”

मी काहीच बोलू शकले नाही. आज बोलेन. बुद्धिबळात लपवण्यासारखे काही नसते. मला जे दिसत होते ते सगळे त्यांच्याही डोळ्यांसमोर होते, आणि विचार करायला त्यांच्याकडे वेळही होता. नेदरलँड्समधल्या विक आन झीच्या स्पर्धेत 1999 साली तेव्हाचे अव्वल खेळाडू कास्पारॉव यांनी हत्ती दिला तेव्हा त्यांचे प्रतिस्पर्धी तोपालॉव यांना तो न घेता राजा बी६ वर नेता आला असता. त्यांनी हत्ती घेतला आणि ए७ वरचा राजा पट ओलांडत डी१ पर्यंत ओढला गेला. त्या डावाला फसवणूक कोणी म्हणत नाही.

तरीही एवढे सांगून उत्तर पुरे होत नाही. डावभर मी पाहत होते की राजावर काही आले की त्या गृहस्थांची नजर राजाभोवतीच फिरते आणि पटाच्या दुसऱ्या टोकाकडे जातच नाही. ते पाहिले नसते तर मी उंट दिला असता का, याची मला खात्री नाही.

तरुणपणी मी याला धाडस म्हणत असे. ते मला आता पटत नाही, कारण माझा फक्त उंट पणाला होता आणि त्यांचा राजा. त्या डावानंतर काही काळ मी उलट टोकाला गेले आणि शेवटपर्यंत सिद्ध होईल तेवढेच द्यायचे असे ठरवले. तेही मला आता पटत नाही, कारण त्या नियमाने ताल यांचा घोडा एफ४ वर कधीच आला नसता, आणि तसे बुद्धिबळ मला मुलांच्या हाती द्यायचे नाही.

म्हणून शिकवते. मुलांना बचाव आधी शोधायला लावते, तो सापडल्यावर विचारते की समोर बसलेल्याला तो सापडेल का, आणि मगच मोहरा उचलू देते. तीच स्थिती पुन्हा आली तर मीही उंट देईन. फक्त समोर दहा वर्षांचे पोर असेल तर देणार नाही, आणि का नाही, हे मला अजून नीट सांगता आलेले नाही. डाव जर केवळ पटावरच असेल तर समोर कोण आहे याने फरक पडायला नको. पण मला पडतो, आणि त्यामुळे त्या गृहस्थांचे म्हणणे खोटे होते असे मी म्हणू शकत नाही.